दोन तापांमधले दिवस

कोपरखैरणे येथील एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या इमारतीत २७ जुलैला एका रहिवाशाला ताप आला आणि तो डेंग्यू निघाला. धूर फवारणी झाली. पुढे तीन आठवडे एकही रुग्ण आढळला नाही. आणि १७ ते २१ ऑगस्ट या पाच दिवसांत एकदम सहा जण तापाने आजारी पडले. रस्त्यापलीकडच्या संस्थेत मात्र कोणालाच काही नाही. साथ संपली असे वाटल्यावर ती परत कशी आली, रुग्णाच्या जवळ गेल्याने ती पसरते काय, आणि करोनाच्या काळात ज्या ‘आर’ या आकड्याची रोज चर्चा होत असे तो आकडा येथे काही सांगतो काय, असे त्यांनी विचारले आहे. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांत साथरोग सर्वेक्षणाचे काम अनेक पावसाळे केल्यामुळे हा प्रश्न मला चांगला परिचयाचा आहे. त्याचे उत्तर प्रश्नात दिलेल्या तारखांमध्येच आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करते.

साथ परत आलेली नाही, कारण ती मधल्या काळात थांबलेलीच नव्हती. डेंग्यूचा विषाणू एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे थेट जात नाही. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत रुग्णाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो, आणि त्या काळात एडिस जातीच्या डासाची मादी त्याला चावली तर तो तिच्या पोटात जातो. मात्र ती लगेच दुसऱ्याला आजार देऊ शकत नाही. विषाणूला तिच्या आतड्यातून लाळग्रंथींपर्यंत पोहोचायला आपल्याकडच्या पावसाळी उष्म्यात साधारण ८ ते १२ दिवस लागतात; त्यानंतर मात्र ती जिवंत असेपर्यंत विषाणू वाहून नेते. ती ज्याला चावेल त्याला ताप यायला आणखी ४ ते १० दिवस जातात. ही सगळी बेरीज केली तर पहिल्याचा ताप आणि त्याच्यापासून निघालेल्या पुढच्या रुग्णाचा ताप यांत सुमारे १२ ते २७ दिवसांचे अंतर पडते. २७ जुलैपासून १७ ते २१ ऑगस्टपर्यंतचे दिवस मोजले तर ते २१ ते २५ भरतात. सचिवांना जी शांतता वाटली तो डासाच्या आणि माणसाच्या शरीरात विषाणू वाढण्याचा काळ होता.

यातून आणखी एक गोष्ट उलगडते. त्या सहा जणांनी आजार एकमेकांना दिलेला नाही, कारण त्यांच्या तापांमध्ये जेमतेम चार दिवसांचे अंतर आहे आणि एवढ्या वेळात डासाचा फेरा पूर्ण होऊ शकत नाही. ते सहाही जण साथीच्या एकाच पिढीचे, म्हणजे संसर्गाच्या साखळीतल्या एकाच टप्प्याचे आहेत. एडिसची मादी एकाच माणसाचे रक्त शांतपणे पिऊन उठत नाही. माणूस हात हलवतो, ती उडते, शेजारच्याला चावते, आणि असे एका भुकेसाठी दोन-तीन जणांना टोचते. म्हणून एकाच घरातील किंवा एकाच जिन्यावरील माणसे लागोपाठ आजारी पडलेली दिसतात आणि ‘एकमेकांचे लागले’ असा समज होतो. हा समज निरुपद्रवी नाही, कारण त्यामुळे रुग्णाची भांडी वेगळी ठेवली जातात आणि गच्चीवरच्या टाकीचे फुटलेले झाकण तसेच राहते.

धूर फवारणीविषयी येथेच सांगितले पाहिजे. धुरात जे उडते डास सापडतात तेच मरतात. एडिस हा पलंगाखाली, पडद्यामागे, कपाटाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसणारा डास असल्याने इमारतीच्या आवारात फिरणारा धूर त्याच्यापर्यंत फारसा पोहोचत नाही, आणि पाण्यातल्या अळ्यांना तर त्याने काहीच होत नाही. अंड्यापासून पूर्ण डास होण्यास या ऋतूत ७ ते १० दिवस पुरतात. फवारणी करूच नये असे माझे म्हणणे नाही. रुग्ण आढळताच त्याच्या घरात आणि लगतच्या घरांत आतून केलेली फवारणी उपयोगी पडते. परंतु आवारात मोठा आवाज करीत धूर सोडणारे यंत्र फिरले की रहिवाशांचे समाधान होते, नगरसेवकांचेही होते, आणि पाणी साचलेली ठिकाणे शोधण्याचे कंटाळवाणे काम मागे पडते, हे मी दरवर्षी पाहत आले आहे.

आता ‘आर’कडे वळू. एक रुग्ण सरासरी किती नव्या लोकांना आजार देतो, हे हा आकडा सांगतो. तो एकपेक्षा मोठा असेल तर साथ वाढते, एकपेक्षा लहान झाला तर ती ओसरते. एवढे सर्वांना ठाऊक झाले आहे, पण या आकड्यात वेळेचा हिशेब नाही, ही गोष्ट चर्चेतून सुटली. समजा दोन आजार आहेत आणि दोन्हींत एक रुग्ण दोघांना आजार देतो. पहिल्यात दोन रुग्णांमधले अंतर ५ दिवसांचे आहे, दुसऱ्यात २० दिवसांचे. साठ दिवसांत पहिल्या आजाराच्या बारा पिढ्या होतात आणि बाराव्या पिढीत ४,०९६ रुग्ण असतात. दुसऱ्याच्या तीनच पिढ्या होतात आणि तिसरीत ८ रुग्ण असतात. आकडा तोच, परंतु पहिल्या शहरात रुग्णालयातील खाटा संपतात आणि दुसऱ्यात कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून साथीविषयी कोणी मला विचारले तर मी एकूण रुग्ण किती, हे नंतर विचारते. पहिला प्रश्न असतो तो ताप कोणाला कोणत्या तारखेला सुरू झाला हा.

शिवाय हा आकडा केवळ जंतूच्या स्वभावावर ठरत नाही. रुग्ण किती दिवस संसर्गक्षम राहतो, त्या दिवसांत रोज त्याचा किती जणांशी आजाराला अनुकूल असा संबंध येतो, अशा प्रत्येक संबंधात संसर्ग होण्याची शक्यता किती, आणि समोरच्यांपैकी किती जणांना तो आजार होऊ शकतो, या चार गोष्टींच्या गुणाकारातून तो निघतो. यांपैकी एकही गोष्ट बदलली की आकडा बदलतो. डेंग्यूच्या बाबतीत ‘संबंध’ म्हणजे डास असल्यामुळे, ज्या इमारतीत पाणी साचते तेथे आकडा तीन असू शकतो आणि पन्नास पावलांवर तो जवळपास शून्य असू शकतो. रस्त्यापलीकडच्या संस्थेचे कोडे बऱ्याच अंशी येथे सुटते. तरीही तेथे विषाणू पोहोचलेलाच नाही, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, कारण डेंग्यूची लागण झालेल्या चारांपैकी सुमारे तिघांना कळण्याजोगी लक्षणेच होत नाहीत आणि तरीही त्यांच्याकडून डासाला विषाणू मिळू शकतो. सचिवांच्या इमारतीतला २७ जुलैचा रुग्ण हा पहिला सापडलेला रुग्ण आहे. तो पहिला लागण झालेला माणूस असेलच असे नाही.

एडिस दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळी उजेड असताना. तो स्वतः सहसा शंभर-दोनशे मीटरपलीकडे जात नाही. एका भागातून दुसऱ्या भागात डेंग्यू नेण्याचे काम माणसे करतात. ठाण्याहून ट्रान्सहार्बर गाडीने घणसोली, रबाळे, तुर्भे येथे कामाला जाणारे आणि उलट दिशेने येणारे हजारो लोक दिवसाचा मोठा भाग घरापासून दूर असतात, आणि रुग्णाचा पत्ता म्हणून मात्र त्यांच्या घराचाच पत्ता लिहिला जातो. आजार कारखान्यातल्या भंगाराच्या ढिगाजवळ किंवा शाळेच्या आवारात झालेला असतो, आणि अळ्या शोधणारे पथक जाते ते राहत्या इमारतीत. रुग्णाची विचारपूस करताना ‘दिवसा आपण कोठे असता’ हा प्रश्न विचारला गेला नाही, तर नकाशावरचे ठिपके चुकीच्या जागी पडतात.

ज्या आजारात डासाचे मध्यस्थपण नाही आणि वाटही अगदी सोपी आहे, अशाचे उदाहरण म्हणून गोवर घ्यावा. गोवरात एक रुग्ण लागण होऊ शकणाऱ्या लोकांमध्ये १२ ते १८ जणांना आजार देतो. त्याचा विषाणू खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो, आणि अंगावर पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून रुग्ण तो सोडत असतो, म्हणजे आईला शंका येण्यापूर्वीच मूल अंगणवाडीत बसून आलेले असते. आकडा १२ ते १८ असेल तर साथ उभीच राहू नये यासाठी लोकसंख्येतील सुमारे ९२ ते ९५ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. नवव्या महिन्यातील एका मात्रेने सुमारे ८५ टक्के मुलांना संरक्षण मिळते, म्हणून सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यांदरम्यानची दुसरी मात्रा ही ऐच्छिक पुरवणी नव्हे. तिच्याशिवाय हे गणित जमतच नाही. येथे सरासरी फार फसवते. शहराचे लसीकरण ९० टक्के आहे असे कागदावर दिसते, पण ते एका भागात ९७ आणि दुसऱ्यात ६० असे मिळून झालेले असू शकते, आणि गोवराचा विषाणू सरासरीत न राहता त्या ६० टक्क्यांच्या वस्तीत राहतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या परिसरात आणि ठाणे जिल्ह्यात भिवंडीत गोवराची साथ आली तेव्हा महामारीच्या काळात लसीकरण चुकलेल्या आणि दाटीने राहणाऱ्या कुटुंबांतील मुले तिच्या तावडीत सापडली. त्या वेळी नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर जादा मात्रा देण्याची मोहीम घ्यावी लागली.

साथ संपते कशी, या प्रश्नाचा इतिहास मुंबईशी जोडलेला आहे आणि तो थोडा सविस्तर सांगण्यासारखा आहे. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि पुढे अनेक वर्षे तो शहरात दर हिवाळ्यात उसळत राहिला. १९२७ मध्ये विल्यम कर्मॅक आणि अँडरसन मॅककेंड्रिक या दोघांनी साथींचे गणित मांडणारा एक निबंध प्रसिद्ध केला. मॅककेंड्रिक पूर्वी भारतीय वैद्यकीय सेवेत होते आणि कसौलीच्या पाश्चर संस्थेचे प्रमुख होते. कर्मॅक यांची दृष्टी प्रयोगशाळेतील स्फोटात गेलेली होती. या दोघांनी लोकसंख्येचे तीन गट कल्पिले: आजार होऊ शकणारे, आजारी, आणि बरे झालेले अथवा मृत. या गटांमधील ये-जा समीकरणांत मांडून त्यांनी दाखवले की साथ ओसरण्यासाठी सर्वांना आजार व्हावा लागत नाही. आजार होऊ शकणाऱ्यांची संख्या एका विशिष्ट मर्यादेखाली आली की प्रत्येक रुग्णामागे एकापेक्षा कमी नवा रुग्ण होऊ लागतो आणि पुष्कळ लोक अस्पर्शित राहूनही साथ मावळते. आपल्या गणिताचा दाखला म्हणून त्यांनी डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील मुंबई बेटावरचे प्लेगचे आठवड्यांचे मृत्यू घेतले, आणि समीकरणाची घंटेच्या आकाराची रेषा त्या आकड्यांवर अतिशय छान बसली. साथरोगशास्त्र शिकणारे विद्यार्थी आजही ती आकृती पाहतात.

मात्र त्यांचे मूळ समीकरण माणसाने माणसाला आजार द्यावा अशा गृहीतकावर उभे होते, आणि मुंबईचा गाठीचा प्लेग तसा पसरत नव्हता. तो उंदरांचा आजार होता. उंदीर आधी मरत, त्यांच्या अंगावरच्या पिसवा भुकेने माणसांकडे वळत, आणि मग माणसे आजारी पडत. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत हा पिसवांचा मार्ग प्रयोगाने दाखवला होता. कर्मॅक आणि मॅककेंड्रिक यांनाही हे ठाऊक होते. माणसांतील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब मानून आपण गणित केले आहे, आणि त्यासाठीची गृहीतके तंतोतंत खरी नाहीत, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यात मुंबईचा प्लेग ऋतूनुसार चढत-उतरत असे, म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीस रेषा खाली येण्यात हवामानाचाही हात होता. आकडे रेषेवर बसले म्हणजे कारण सापडले असे होत नाही, हे मला वाटते त्या आकृतीतून शिकण्यासारखे आहे, आणि करोनाच्या काळात रोज नव्या आलेखावर भविष्य सांगणाऱ्यांना ते कोणी तरी सांगायला हवे होते. प्लेगच्या काळात ज्या पेठेत घरांत मेलेले उंदीर सापडू लागत, तेथील लोक आकडे येण्याची वाट न पाहता घर सोडून जात. रोगाचा मार्ग त्यांनी पाहिलेला होता.

मार्ग ओळखण्यासाठी तारखांचा उपयोग कसा होतो, हे पावसाळ्यातल्या इतर आजारांवरूनही कळते. एखाद्या इमारतीत जुलाब-उलट्यांचे तीस रुग्ण दोन दिवसांत होतात आणि तिसऱ्या दिवशी संख्या झपाट्याने उतरते, तेव्हा सर्वांनी एकाच वेळी एकच दूषित गोष्ट प्यायली किंवा खाल्ली आहे असे समजून जमिनीखालच्या टाकीकडे आणि शेजारून जाणाऱ्या सांडपाण्याच्या चेंबरकडे जावे. नळाच्या पाण्याची ओटी चाचणी करून दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उर्वरित क्लोरीन आहे का ते पाहावे, आणि ही चाचणी शेवटच्या मजल्यावरील नळावर करावी. पंपाजवळ केलेली चाचणी नेहमीच समाधानकारक येते. कावीळ असेल तर काळजी वेगळी घ्यावी लागते, कारण दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीला दिसायला दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत लागू शकतात. आज तपासलेले पाणी स्वच्छ निघाले तरी रुग्णांनी प्यायलेले पाणी महिन्याभरापूर्वीचे होते. लेप्टोचे, म्हणजे उंदरांसारख्या प्राण्यांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे, गणित आणखी निराळे आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि ऑगस्टमध्ये मुंबईत लेप्टोचे रुग्ण मोठ्या संख्येने आले. त्या पाण्यातून जखमी पायांनी चालणे हाच तेथे संसर्ग होता. रुग्णापासून पुढे साखळी जवळजवळ जातच नाही, त्यामुळे लेप्टोच्या बाबतीत विलगीकरणाचा काही अर्थ नाही आणि साचलेल्या पाण्यातून गेलेल्यांनी लगेच डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक गोळ्या घेण्याला फार अर्थ आहे.

विलगीकरण केव्हा चालते, हेही वेळेवरच ठरते. २००३ चा सार्स आणि २०२० चा करोना या दोन्हींच्या सुरुवातीला एक रुग्ण साधारण दोन ते तिघांना आजार देत होता. पैकी सार्स ८,०९८ रुग्णांवर थांबला आणि ५ जुलै २००३ रोजी तो आटोक्यात आल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. त्या आजारात रुग्ण सर्वाधिक संसर्गक्षम होई तो लक्षणे सुरू झाल्यावर काही दिवसांनी, म्हणून ताप आलेल्याला वेगळे ठेवले की साखळी तुटत असे. करोनात लक्षणांच्या दोन दिवस आधीच संसर्ग सुरू होत असल्यामुळे रुग्ण ओळखेपर्यंत पुढची पिढी निघून गेलेली असे. हा एवढाच फरक नव्हता, परंतु हा फार मोठा होता.

आता सचिवांच्या इमारतीकडे परत येते. त्यांनी एक साधी वही करावी आणि तीत सदनिका, वय, दिवसा असण्याचे ठिकाण आणि ताप सुरू झाल्याची तारीख लिहावी. अहवाल आल्याची तारीख लिहू नये. प्रयोगशाळा रविवारी बंद असते, अहवाल सोमवारी एकदम येतात आणि मग सोमवारी साथ वाढल्याचा भास होतो. चाचणी कोणत्या दिवशी झाली याचीही नोंद असावी, कारण रक्तात विषाणूचे प्रथिन शोधणारी एनएस१ चाचणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांत उपयोगी असते आणि प्रतिपिंडे शोधणारी आयजीएम त्यानंतर. ही वही नागरी आरोग्य केंद्राला द्यावी; खासगी दवाखान्यातल्या रुग्णांची माहिती तेथे उशिरा पोहोचते, आणि पथक कोणत्या जिन्यापासून सुरुवात करील हे त्यावर ठरते.

रुग्णांना तापाच्या दिवसांत दिवसाही मच्छरदाणीत ठेवावे, म्हणजे डासाला विषाणू मिळणार नाही. तापासाठी पॅरासिटामॉलखेरीज वेदनाशामके स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, आणि ताप उतरताना पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, रक्तस्राव किंवा ग्लानी दिसली तर रुग्णालय गाठावे, कारण धोक्याचा काळ बहुधा तेव्हाच सुरू होतो. पाणी साठवलेली भांडी आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी रिकामी करून घासून कोरडी करावीत; सात दिवसांचा फेरा असला तर अळीला डास होण्यास वेळ मिळत नाही. घासणे आवश्यक आहे, कारण अंडी पाण्याच्या पातळीवरच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही काही महिने टिकतात. फ्रीजच्या मागचा ट्रे, मनी प्लँटची बाटली, लिफ्टचा खड्डा, पहारेकऱ्याच्या खोलीवरील ताडपत्री आणि शेजारच्या बांधकामावर विटा भिजवण्याचा हौद या जागा सहसा सुटतात. हौदात, विहिरीत किंवा कारंज्यात गप्पी मासे सोडता येतात. टाकीला घट्ट झाकण हवे.

पुढची पिढी असलीच तर ती केव्हा दिसेल, हे आजच सांगता येते. १७ ऑगस्टमध्ये १२ दिवस आणि २१ ऑगस्टमध्ये २७ दिवस मिळवले की २९ ऑगस्ट ते १७ सप्टेंबर हा काळ निघतो. या काळात येणारा प्रत्येक ताप डेंग्यू नाही असे तपासून ठरेपर्यंत डेंग्यूच समजावा, आणि १० सप्टेंबरपर्यंत रुग्ण नाही म्हणून साफसफाईचा दिवस बंद करू नये. गणपतीसाठी येणारे पाहुणे बहुधा याच दिवसांत इमारतीत असतात. ते येथे दिवसा डास चावून घेऊन डोंबिवलीला किंवा साताऱ्याला परत जातील आणि तेथे आठवड्याने तापतील. त्यांची नावे संस्थेच्या यादीत नाहीत, म्हणून यजमान कुटुंबांनी दूरध्वनी करून विचारावे आणि कोणाला ताप आला असेल तर तोही वहीत नोंदवावा.